मर्सीचे कागद आणि शरयूताई

त्या सकाळी मी इथे सिंगापूरला, पासिर रिसच्या मार्केटमध्ये मासे घेत होते, तेव्हा शरयूताईंच्या निखिलचा फोन आला. "मेधामावशी, आई गेली..." एवढंच म्हणाला. मासेवाला पिशवी पुढे धरून उभा होता. ती घेऊन मी बाजूच्या बाकावर बसले. आधी काय आठवलं, तर आदल्याच आठवड्यात शरयूताईंनी मला फोनवर झापलं होतं. माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि मी अर्ज केला नव्हता. "दुसऱ्यांचे कागद करण्यात एवढी वर्षं गेली तुझी, आणि स्वतःचे असे?" तेच आमचं शेवटचं बोलणं. महिना उलटून गेला, पण तो रागावलेला आवाज अजून कानात आहे, आणि खरं सांगायचं तर तो तसाच राहावा असं वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सिंगापूरला आलो. माझा नवरा आणि शरयूताईंचे यजमान एकाच कंपनीच्या जहाजांवर इंजिनीअर. ते दोघे महिनोन्महिने समुद्रावर, आणि आम्ही दोघी पासिर रिसच्या नव्याकोऱ्या ब्लॉकमध्ये एकाच मजल्यावर. ताई मूळच्या रत्नागिरीच्या, लग्नाआधी मुंबईत एका वकिलाकडे टायपिंग करायच्या. एक दिवस दार वाजवून म्हणाल्या, "घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस का? माझ्या ऑफिसात माणूस हवंय. चल."

ऑफिस म्हणजे एका जुन्या शॉपिंग सेंटरमधली छोटी एजन्सी. फिलिपिन्सहून घरकामाला येणाऱ्या बायकांचे कागद आम्ही तयार करायचो. मनिलाहून फॅक्सने माहिती यायची, मग ती नीट टाइप करायची, फोटो, मेडिकल, वर्क परमिटचा अर्ज, करारनामा... मालक मिस्टर लिम यांना सगळं झटपट हवं असायचं. शरयूताई मात्र फॅक्सवर 'अनुभव नाही' असं दिसलं की भडकायच्या. "बावीस वर्षांची मुलगी, आई गेल्यावर चार भावंडं वाढवली, आणि म्हणे अनुभव नाही!" मग त्या बाईला समोर बसवून सगळं विचारायच्या आणि तो रकाना भरून काढायच्या. करारात सुट्टीची जागा कोरी असली, तर मालकिणीला फोन लावायच्या, "मॅडम, रविवार कुठला देणार, तेवढं सांगा." काही मालकिणी चिडून दुसरीकडे जायच्या. लिम कपाळावर हात मारायचे. पण ताईंच्या हातचा अर्ज कुठे अडकायचा नाही, म्हणून गप्प बसायचे.

मर्सी आमच्याकडूनच कामाला लागली होती. फिलिपिन्समधल्या इलोइलोची. नवरा वारलेला, लहानगी मुलगी आईपाशी ठेवून आलेली. सिंगापूरच्याच आंग मो किओ भागात एका चिनी आजींना ती सांभाळायची. आजींना पक्षाघात झालेला आणि तिओच्यू ही चिनी बोली सोडून दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून मर्सी तिओच्यू शिकली. काही वर्षांनी तिने कॅनडाला जायचं ठरवलं. तिथे दोन वर्षं असंच काम केलं, की पुढे कायम राहण्याचा अर्ज करता यायचा आणि मुलीलाही नेता यायचं. सगळे कागद जमले, मुलाखत ठरली. अडलं ते एका पत्रावर. मर्सीने आपल्याकडे काम केलंय, एवढं मालकाने लिहून द्यायचं होतं. आजींचा मुलगा साफ नाही म्हणाला. पत्र दिलं तर ती जाणार, मग आईचं कोण करणार?

लिम आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले, "तूच लिही, लाह! सही कोण बघतंय?"

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, तर खोटं मर्सीला बोलावं लागेल. तुम्हाला नाही," ताई म्हणाल्या.

रविवारी आम्ही दोघी आंग मो किओला निघालो. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, ताई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "इथे पहिल्यांदा आले, तेव्हा निखिलला दोन वर्षं रत्नागिरीला आईकडे ठेवलं होतं. न्यायला गेले, तर तो मला म्हणाला, 'अहो, तुम्ही बसा ना...'" आणि मांडीवरची फाइल उघडून मर्सीचे कागद पुन्हा मोजायला लागल्या. 

आजींचा मुलगा वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. ताईंनी त्याला सरळ सांगितलं, "दुसरी बाई मी स्वतः निवडून देते. मर्सी तिला सगळं शिकवेल आणि मगच जाईल." तो मान हलवत राहिला. "माझी आई दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही." तेवढ्यात खुर्चीतल्या आजींनी काहीतरी विचारलं. काय चाललंय, हेच विचारत असणार. मुलगा बोलेना. शेवटी मर्सी त्यांच्या पायाशी बसली आणि तिनेच सांगायला सुरुवात केली. आपण जाणार आहोत, हे तिलाच त्यांच्या भाषेत सांगावं लागत होतं. तिने सगळं सांगितलं.

 मग आजींनी धडधाकट हात मर्सीच्या डोक्यावर ठेवून एक प्रश्न विचारला. मर्सीने उत्तर दिलं आणि ओंजळीत तोंड लपवलं.

मुलगा खाली बघत आम्हाला म्हणाला, "आई विचारतेय, पोरगी केवढी होती आणि केवढी झाली..."

मर्सी आली तेव्हा मुलीला नीट बोलता येत नव्हतं. आता ती शाळेत पहिला नंबर काढत होती. आजींनी मुलाकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. तो उठला आणि पेन शोधायला लागला.

ताईंनी शब्द पाळला. नव्या बाईच्या हातून आजी पहिला आठवडा खरंच खाईनात. ताई रोज ऑफिस सुटल्यावर तिकडे जाऊन बसायच्या. मग आजी हळूहळू खायला लागल्या. मर्सी टोरोंटोला गेली आणि काही वर्षांनी एक फोटो आला. गुडघाभर बर्फात लाल कोट घातलेली एक मुलगी, आणि तिला घट्ट धरून हसणारी आई. ताई गेल्या त्या दिवशी निखिलने तिकडे फोन केला, तेव्हा मर्सीने अंत्यसंस्काराची वेळ विचारून घेतली. त्याच वेळी मायलेकींनी तिकडे चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

नोकरी सोडल्यावरही ताईंच्या घरी रविवारी बायका येतच राहिल्या. कुणाला करार दाखवायचा असे, कुणाला घरी पाठवायचे कागद, कुणाला नुसतंच बसायचं असे. गेल्या रविवारी मी कपाटं आवरायला गेले, तर हॉल भरलेला. निखिलला त्यांना नको म्हणवलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी लिता नावाची एक पोक्त बाई, नुकत्याच आलेल्या एका मुलीला करार समजावत होती.

"कळलं?"

मुलीने मान हलवली.

"मग आता तुझ्या शब्दांत मला सांग."

निखिल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार होता, मावशी... रविवार सोडून देता येतो का गं?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं हसलो.

तिकडे ती मुलगी सांगता सांगता अडखळली होती. "असू दे," लिता म्हणाली, "पहिल्यापासून सांग." मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.