प्रभू काय म्हणाला?

रविवारी चर्चमध्ये उपासनेला निघताना आई दारातच पडली. एक पाय चपलेत घातला होता, दुसरा घालायला वाकली आणि तोल गेला. मी आत कुलूप शोधत होते. आवाज फार मोठा झाला नाही, कुणी धुण्याचं गाठोडं खाली टाकावं तेवढाच. बाहेर येऊन पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि डावा पाय भलतीकडेच वळला होता.

"पदर नीट कर वं माहा," ती म्हणाली.

सक्करदऱ्यातल्या घरून धंतोलीच्या दवाखान्यात पोचायला रविवार असल्याने वेळ लागला नाही. दुपारपर्यंत एक्स-रे झाला. खुब्यापाशी हाड मोडलं होतं. हाडांचे डॉक्टर तरुण होते, घाईत असूनही नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले, "दोन दिवसांत ऑपरेशन केलं तर आजी वॉकर धरून चालतील. नाही केलं तर पलंगावरून उठणार नाहीत. या वयात पलंग धरला की छातीत कफ, पाठीला जखमा. फार महिने काढत नाहीत असे पेशंट."

संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर आले. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हृदय फार थकलंय हो. ते भूल सोसेलच असं मी म्हणू शकत नाही. मला विचाराल तर मी करू नका म्हणेन."

दोघं वेगवेगळ्या वेळी येऊन गेले, पण जाताना एकच वाक्य बोलून गेले. "निर्णय तुमचा."

पुण्याहून भावाचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "ताई, तुझ्या मनात प्रभूने काय घातलंय?"

हे आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य. चर्चच्या मंडळीतही लोक असंच बोलतात. प्रभूने मनात घातलं म्हणून नोकरी बदलली, मनाला शांती मिळाली नाही म्हणून स्थळ सोडलं. आमच्या घरात तर गॅसची शेगडी बदलायची की दुरुस्त करायची, हेसुद्धा प्रार्थना केल्याशिवाय ठरत नसे. आणि ते विचारायचं काम माझ्याकडे होतं. मला प्रभूचा आवाज ऐकू येतो, असं आईने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. त्याला कारण होतं, आणि ते कारण मीच दिलं होतं.

मी नऊ वर्षांची होते. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, आम्ही तिथल्या वसाहतीत राहत होतो. त्यांना बढती मिळत होती, पण परळीला जावं लागणार होतं. आईने आम्हां सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. प्रत्येकाने डोळे मिटून प्रभूला विचारायचं आणि जे मनात येईल ते सांगायचं. भाऊ लहान होता, त्याला झोप लागली. बाबा म्हणाले, "मला तर काहीच उमगत नाही." आईलाही काही उमगलं नव्हतं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये माझी मैत्रीण राहायची. आमच्या दोघींची एक बरणी होती, तिच्यात आम्ही रंगीत बटणं जमवायचो. परळीला गेलो तर बरणी कुणाकडे राहणार, हा माझा प्रश्न होता. मी डोळे उघडले आणि म्हटलं, "प्रभू म्हणाला, इथेच राहा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी त्याच आठवड्यात नकाराचं पत्र लिहिलं. पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस त्यांचा साहेब झाला. बाबा त्याला रोज नमस्कार करत आणि घरी येऊन म्हणत, प्रभूची मर्जी. ते शेवटपर्यंत त्याच जागेवर राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते गेले त्या दिवसापर्यंत मी त्यांना काही सांगितलं नाही.

त्यानंतर आई मला विचारतच राहिली. भावासाठी कोणती मुलगी, सक्करदऱ्यातलं हे घर घ्यायचं की ते. मी मनाला पटेल ते सांगायचे. त्याला खोटं म्हणावं का, मला ठरवता आलं नाही. चांगलं तेच प्रभूला हवं असणार, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. खरं, जीव तोडून मी फक्त एकदा विचारलं होतं, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी. पंधरा दिवस विचारलं. काही ऐकू आलं नाही. मी थांबले. मुलाकडचे थांबले नाहीत.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात आईजवळ बसले होते. तिच्या पायाला पलंगाच्या टोकाशी वजन टांगलं होतं. आजूबाजूला यवतमाळचे, वर्ध्याचे, गोंदियाचे लोक, डब्यांचे आणि औषधांचे वास. आईला दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं कळलं होतं. तिला काहीच लपवलेलं चालत नाही.

"मंग," ती म्हणाली, "तू विचारलं का?"

"विचारून राहिले," मी तिच्याच बोलीत म्हटलं.

"घाई नको करू. तुले सांगते तो. लहानपनापासून सांगते. परळीच्या वक्ती कसं सांगतलं होतं."

मला ते सहन झालं नाही. तेव्हाच का बोलले, दुसरी वेळ का नाही पाहिली, हे मला आजही कळत नाही. कदाचित आता तिच्या जिवाचाच प्रश्न होता म्हणून. मी म्हटलं, "आई, परळीच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला मैत्रिणीला सोडायचं नव्हतं. मी खोटं बोलले."

"काहून?" ती एवढंच म्हणाली. का, ते तर मी आधीच सांगितलं होतं. मग तिने मान भिंतीकडे वळवली. तिला कुशीवर होता येत नव्हतं, नुसती मानच वळवता आली. तिकडेच बघत म्हणाली, "तुह्या बाबाले सांगाले पाहिजे होतं."

"हो."

"पानी दे."

मी चमच्याने पाणी पाजलं. तिने ते घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. दुपारी जरा डोळा लागून उठली आणि म्हणाली, "तरी तूच विचार. दुसरं कोन हाय मले?"

आमचे पाळकसाहेब येऊन गेले. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, "मी काय करू?" ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "ताई, तुम्ही जे ठरवाल त्यात प्रभू तुमच्यासोबत असेल." मी मान डोलावली. जे ठरवाल त्यात तो सोबत असेल, हे मला मान्यच होतं. पण ठरवायच्या आधी तो कुठे असतो, हे मला विचारायचं होतं. ते घड्याळ पाहत होते, त्यांना आणखी दोन दवाखाने करायचे होते.

आईच्या पिशवीत बायबलच्या वचनांची डबी असते. छोट्या रंगीत चिठ्ठ्या, रोज सकाळी एक काढायची. मी ती घेऊन जिन्यात बसले. डोळे मिटून चिठ्ठी काढली. शत्रूंपासून रक्षण करण्याचं वचन निघालं. शत्रू कोणता? ऑपरेशन की ऑपरेशन न करणं? मी ती परत ठेवली आणि दुसरी काढली. ती पिकाबद्दल आणि पावसाबद्दल होती. मग तिसरी. एम.ए. झालेली, तीस वर्षं शाळेत शिकवणारी बाई मी, आणि दवाखान्याच्या जिन्यात लॉटरी काढावी तशी बसले होते. मी डबी बंद केली आणि नुसती म्हणाले, "देवबापा, हो किंवा नाही. एवढंच." जिन्यावरून लोक चढत-उतरत होते. एका बाईने मला बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकले. बाकी काही झालं नाही.

चार वाजता नर्स आली. हातात संमतीपत्र आणि पेन. "मॅडम, उद्याच्या ऑपरेशनांची यादी करायची आहे. आजींचं नाव घालायचं की नाही?"

"थोडा वेळ मिळेल का?"

"पाच मिनिटं. डॉक्टर निघतायत."

ती गेली नाही, तिथेच उभी राहिली. मी कागद वाचला, एकही शब्द डोक्यात शिरला नाही. पेन आधीच उघडलेलं होतं. मी सही केली. मला कुणी सांगितलं म्हणून नाही, मनाला शांती मिळाली म्हणूनही नाही. नर्स समोर उभी होती आणि पेन माझ्या हातात होतं, म्हणून.

आत आले तर आई जागी होती. "काय म्हनाला प्रभू?"

एक शब्द पुरला असता. 'कर' म्हणाला, एवढं म्हटलं असतं तर ती निर्धास्त झोपली असती. पण सकाळीच मी खरं बोलून बसले होते, आणि आता पुन्हा तेच खोटं माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "काही म्हणाला नाही, आई. मीच सही केली."

ती हळूच म्हणाली, "मंग भेव लागते वं."

उभ्या आयुष्यात मी तिला हे म्हणताना ऐकलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने तो घट्ट पकडला आणि सोडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवरून नेताना मला बोटं एकेक करून सोडवावी लागली. माझ्या खरेपणाने तिला काय मिळालं, तर भीती. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसून मी प्रार्थनाही करू शकले नाही. काय मागायचं तेच कळत नव्हतं. निर्णय बरोबर ठरो, एवढं मागावं, तर तो मी घेतलेला तरी कुठे होता?

आई ऑपरेशनच्या टेबलवरून परत आली. चार दिवस आयसीयूत राहिली, मग घरी. आता वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते. हाडांचे डॉक्टर तिला चालताना पाहून खूश झाले. पण हृदय आणखी खचलंय. दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागते, पाय सुजतात, बसल्या जागी झोप लागते. हृदयाचे डॉक्टर रिपोर्ट पाहतात आणि गोळ्या वाढवून देतात. दोघंही डॉक्टर बरोबर निघाले. निर्णय चुकला की साधला, हे आता मला सांगायलाही कुणी उरलं नाही.

भावाने एकदा फोनवर म्हटलं, "ताई, तू योग्यच केलंस." मी हो म्हटलं. त्याला तेवढं हवं होतं.

आई अजून रोज प्रार्थना करते, पण ओठ मिटून. पूर्वी मोठ्याने करायची, आता तिने काय मागितलं ते कळत नाही. मला विचारायला सांगत नाही. भाजी कोणती करू म्हटलं तर म्हणते, "तुले जमन ते कर." तिचा माझ्यावर राग आहे असं वाटत नाही. तिने ते काम माझ्याकडून काढून घेतलं, एवढंच.

माझी रजा संपली. सकाळी साडेसहाला निघावं लागतं आणि तिला सांभाळायला येणारी बाई साडेसातला येते. मधला एक तास आई एकटी असते. नोकरी सोडावी का, दुसरी बाई पाहावी का, तिला पुण्याला धाडावं का, मी रोज प्रभूला विचारते. दारात पर्स खांद्याला लावून उभी राहते, डोळे मिटते आणि विचारते. आत आई खुर्चीत बसलेली असते, तिच्या श्वासाचा आवाज दारापर्यंत येतो. मी आणखी थोडं थांबते. मग बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवतो आणि मी दार ओढून घेते.