लागत नाही, बघा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय मी बाजूला ठेवत आले. तुम्हाला का सांगते आहे? — नीटसं माहीत नाही. गेल्या आठवड्यात एक लहानशी गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझा उजवा हात मला परका वाटतो आहे. क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा बगल देईन.

मी व्यवस्थित बाई आहे. फ्रिजवर आठवड्याच्या कामांची यादी, कपाटाच्या दारावर महिन्याची. पनवेलजवळ करंजाड्यातल्या आमच्या घरी मी फोमची शस्त्रं बनवते. शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांची नाटकं, वेशभूषा स्पर्धा यांसाठी तलवारी, गदा, भाले. मुलांच्या खेळण्याच्या मॅट असतात ना, एकमेकींत अडकणाऱ्या, तसला फोम. तो कापायचा, गरम हवेने वळवायचा, मधे वायरिंगची प्लास्टिकची नळी घालायची, दोन्ही बाजू रबर सोल्यूशनने चिकटवायच्या, वर चंदेरी रंग. गिऱ्हाईक आलं की मी तलवार स्वतःच्या तळहातावर जोरात मारते आणि म्हणते, "लागत नाही, बघा." माझं सगळं काम या तीन शब्दांवर चालतं.

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप नुकताच झाला होता, त्या वर्षीची गोष्ट. गणपतीत ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. सेनापती झाले होते तळमजल्यावरचे हिरामण पाटील. मूळचे इथलेच. सरकारने घेतलेल्या त्यांच्या शेताच्या बदल्यात जो प्लॉट मिळाला, त्यावरच आमची बिल्डिंग उभी आहे. तरी पाठीमागे सगळे त्यांना 'गाववाला' म्हणायचे. मीही म्हणायचे. शत्रूचा सरदार होता तिसऱ्या मजल्यावरचा नितीन साने, बँकेतला. या दोघांची दोस्ती जगावेगळी. सान्यांच्या घरात मासे चालत नसत, म्हणून उरणहून ताजे बोंबील आले की नितीन हिरामणभाऊंच्या ओट्याशी उभा राहून तव्यावरचेच खायचा आणि बडीशेप चघळत वर जायचा. त्याच्या बायकोला ठाऊक होतं. सगळ्या जिन्यालाच ठाऊक होतं.

नाटकाच्या आधी दोघांचं पार्किंगवरून भांडण झालं होतं, अगदी खाली गेटपाशी, सगळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी नितीन पुन्हा बोंबील खात होता. पण पुढे लोकांना आठवलं ते फक्त भांडण.

हिरामणभाऊंची तलवार सगळ्यांत लांब होती, सरळ पात्याची. तालमीत त्यांनी ती उगारली आणि ती मधून वाकली. मागून कोणीतरी म्हणालं, "सेनापतींच्या तलवारीला झोप आली रे." हॉल हसला. नितीन तर पोट धरून हसला. मीही हसले. — आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात धुमसत होते. माझ्या वस्तूला कोणी हसलेलं मला चालत नाही. एवढंच कारण आहे. याच्यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

समोर इमारतीचं बांधकाम चालू होतं. सळयांचे तुकडे रस्त्याकडेला पडलेले असत. त्यातला एक मी उचलून आणला. पातं उघडलं, नळी काढली, सळई घातली, चिकटवलं, रंगवलं. तलवार अशी ताठ झाली की मी खूश झाले.

तळहातावर मारून पाहिली का? नाही. एरवी प्रत्येक वस्तू मारून पाहणारी मी. ती एक सोडून.

नाटकाच्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात सगळे तयार होत होते. हिरामणभाऊंनी तलवार उचलली, थांबले, माझ्याकडे आले. "वैनी, आज जड वाटते हाताला. आत काय घातलाय काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. नळीची दुसरी, छोटी तलवार माझ्या पिशवीत होती. — मी कोणाच्या तरी शेल्याला पिन लावत होते. वरही न बघता म्हणाले, "रंगाचे दोन हात जास्त दिलेत, भाऊ."

"मंग ठीक हाय. तुमी बोलल्या म्हणजे झालं."

तालमीत दोघं एकमेकांना मनापासून हाणायचे, कारण लागतच नव्हतं. तसंच नाटकातही. वार खांद्यावर बसायचा होता. नितीनचा पाय सतरंजीत अडकला, तो खाली वाकला, आणि वार डोळ्यापाशी बसला. फोमचा आवाज बसका येतो, उशी आपटल्यासारखा. हा आवाज तसला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नितीन उठला नाही, तरी टाळ्या चालू होत्या. मग त्याच्या बायकोचा आवाज आला.

सगळे त्याच्याकडे धावले. हिरामणभाऊंनी तलवार टाकली आणि त्याला उचलून गाडीकडे पळाले. आणि मी? — मी तलवार उचलली. साडीच्या पदराखाली धरून घरी नेली आणि माळ्यावर ठेवली. हे लिहितानाही मला धक्का बसतो. मला रडू यायला हवं होतं, भोवळ यायला हवी होती. मला फक्त पुढचं काम दिसत होतं.

नितीनच्या गालाचं हाड मोडलं होतं. डाव्या डोळ्याने पुन्हा नीट दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जिन्यात बोलणं सुरू झालं: पार्किंगचा राग काढला. शेवटी गाववालाच. हे शब्द माझे नव्हते, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. पण तो राग नव्हता, ती सळई होती, हे जगात मला एकटीलाच माहीत होतं ना?

नितीन हॉस्पिटलमधून घरी आला त्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला: संध्याकाळी मीटिंग, तलवार आणावी. मी कुकर लावला आणि माळ्यावरून तलवार काढली. सळई बाहेर, नळी आत. सोल्यूशन, रंग, पंख्याखाली वाळवण. नळी मी यावेळी जाड घेतली, वाकू नये म्हणून. इतकं सफाईदार काम मी त्याआधी केलं नव्हतं.

मीटिंगमध्ये नितीन पट्टी बांधून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "इतकं मनात होतं, हिरामण?"

हिरामणभाऊ उभे राहिले. "वैनींना इचारा. तलवार जड व्हती. मी बोललो व्हतो त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले. मी तलवार पुढे धरली. हात उंच केला आणि सगळ्या ताकदीने स्वतःच्या तळहातावर मारली. "लागत नाही, बघा."

तलवार या हातातून त्या हातात फिरली. प्रत्येकाने आपापल्या तळव्यावर मारून पाहिली. शेवटी ती हिरामणभाऊंकडे आली. त्यांनी ती दोन बोटांवर तोलली. मग नाकापाशी नेली. सोल्यूशनचा वास दोन-तीन दिवस जात नाही, आणि ती तर दुपारीच चिकटवलेली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील — मी वाट पाहत होते. मला वाटतं, तेही माझीच वाट पाहत होते.

मग त्यांनी तलवार टेबलावर ठेवली. "हलकी हाय," म्हणाले. आणि नितीनसमोर हात जोडले.

पुढे त्यांनी घर भाड्याने दिलं आणि उरणकडे भावाकडे राहायला गेले. नितीन त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. तो अजून वरच राहतो. चहा ओतताना त्याची धार कधीकधी कपाच्या बाहेर पडते. मी समोर असले तर पटकन फडकं देते.

हिरामणभाऊ मला एकदा पनवेलच्या बाजारात भेटले. मी तोंड फिरवणार तेवढ्यात तेच म्हणाले, "बऱ्या हाय ना, वैनी?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि गेले. आणखी काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई मुलीसाठी तलवार न्यायला आली. मी नेहमीसारखी तळहातावर मारली, नेहमीचं वाक्य म्हटलं. मुलीने आपला तळहात पुढे केला. "काकू, माझ्या हातावर मारा ना." आत साधी नळी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मीच घातली होती. तरी माझा हात वर होईना. मुलगी हात पुढे धरून उभी, आई हसते आहे, आणि मला नुकत्याच म्हटलेल्या माझ्या त्या वाक्यात मीटिंगमधला माझाच आवाज ऐकू आला — स्वच्छ, ठाम, जराही न अडखळणारा. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना तेच तसंच म्हणत होते. मला कधी ऐकूच आलं नव्हतं?

सळई मी फेकली नव्हती. चांगली वस्तू मी फेकत नाही. ती गॅलरीतल्या कुंडीत रोवली आणि तिच्यावर कारल्याचा वेल चढवला. वेल दरवर्षी नवा लावते, सळई तीच आहे. पहिल्या वर्षी आलेली कारली मी सान्यांच्या घरी नेऊन दिली होती.