काहिलीवर वाकवलेली पाठ

‘हे मला जमणार नाही’ हे वाक्य श्रीरामपूरच्या मोनिकाताईंच्या तोंडून कधी निघत नाही. स्वभावच तसा. सासऱ्यांच्या मागे त्यांनी कुशनचं दुकान चालवायला घेतलं तेव्हा गल्लीतले म्हणाले, बाईमाणूस ट्रॅक्टरच्या सीटा काय शिवणार! बाईमाणसाने ट्रॅक्टर शिवले, रिक्षा शिवल्या, चर्चमधल्या बाकांना फोम बसवला आणि कीर्तनकारबुवांची बैठकही करून दिली. कामाला हात लावण्याआधी डोळे मिटून येशूला हाक मारायची, मग कात्री. ज्याचा त्याचा देव, ऐकतो मात्र सगळ्यांचं.

म्हणून पुणतांब्याचा गोरक्ष टेम्पोत नावेच्या दोन सीटा घालून आला, तेव्हाही त्या “ठेव तिथं” एवढंच म्हणाल्या.

गोरक्षची मोटरची नाव गोदावरीत चालते. तिच्या दोन्ही कडांना आतून गोलाईत टेकायच्या पाठी बसवलेल्या. मोनिकाताईंनी रेक्झिन उसवलं, तर आतल्या प्लायवूडचा ओला भुगाच हातात आला.

“रंग कुठला बी घाला ताई, पर पाठ पक्की पायजे,” गोरक्ष म्हणाला. “आमची म्हातारी चैतात पल्याड माहेरच्या देवीला जाती. मनक्याचं दुखनं, गाडीतले धक्के सोसत न्हाईत. नावंत बसती, पर टेकायला पायजे. जत्रा तोंडावर आलीया.”

“आणि नाही झाली पाठ तर?”

“तर म्हातारी घरी ऱ्हाईल. मग घरात आमी कुटं ऱ्हायाचं ते तुमीच सांगा.”

आता प्लायवूड काही पापड नव्हे, की ओलं केलं आणि वाकलं. जाड फळी वाकत नाही, मोडते. मोनिकाताईंनी पातळ प्लायच्या पट्ट्या घेतल्या. एकीवर एक चिकटवून, गोलाईवर आवळून वाळवल्या की तो वाक कायमचा राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण एवढी मोठी गोलाई आणायची कुठून? पाण्याची टाकी पाहिली, ती फार गोल. विहिरीचं कडं पाहिलं, ते फार सपाट. शेवटी गुऱ्हाळातली काहील आठवली. गुळाची ती भलीमोठी कढई मागून आणून अंगणात उपडी घातली आणि तार वाकवून आणलेलं नावेचं माप तिच्या कडेला लावलं, तर अगदी बरोबर!

“आता हिच्यात कुशन शिजवणार का काय?” शेजारच्या सत्यशीलाबाईंनी कुंपणावरून विचारलं.

“शिजवते. वाटीभर देऊ?”

पाण्यात न सुटणारा गोंद लावला, दोर आवळले, वर विटा ठेवल्या. सुकल्यावर कडांना वॉर्निश पाजलं, पाणी निथळायला खाली भोकं पाडली. फोम, रेक्झिन, बारीक खिळे. पाठी अशा देखण्या झाल्या की मोनिकाताई स्वतःच त्यांना टेकून चहा प्यायल्या.

जत्रेच्या सकाळी त्या पाठी घेऊन पुणतांब्याच्या घाटावर गेल्या. डावी पाठ नावेत अशी बसली, जशी तिथंच उगवलेली. उजवी मात्र बसेचना. नावेची कड पुढे उतरत जाते, म्हणून पाठही मागे उंच आणि पुढे बुटकी लागते. उजवीची मागची बाजू बुटकी आणि पुढची उंच! फिरवून लावावी तर गोलाईचं पोट बसणाऱ्याच्या अंगावर येत होतं.

मोनिकाताईंनी कपाळावर हात मारला. दोन्ही पाठी एकाच बाजूच्या झाल्या होत्या. सोफ्याच्या दोन्ही टोकांत फरक नसतो, ट्रॅक्टरला तर एकच सीट. कागदाचा साचा दुसऱ्या फळीवर उलटा करून ठेवायचा असतो, ह्याची इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

“गोरक्षा, चुकले रे बाबा. आता उजवी व्हायला चार दिवस जातील.”

गोरक्षचा चेहरा पडला. तेवढ्यात त्याची आई साळूबाई आल्याच. हिरवं लुगडं, कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात ओटीची परडी.

“काय झालं? तोंड का पाडलं?”

“एकच पाठ बसली आये. दुसरी उलटी झाली.”

“मंग? मला पाठी किती हायेत?”

घाटावरचे सगळे हसले. साळूबाईंना धरून डाव्या बाजूला बसवलं, तशी नाव त्यांच्या अंगाला झुकली. म्हातारी अंगाने काही कमी नव्हती.

“ह्या अंगाला कुनीतरी बसाया पायजे,” गोरक्ष म्हणाला. “मी तर मोटरीपाशी.”

साळूबाईंनी मोनिकाताईंकडं बोट केलं. “जिनं चुकवलं ती बसंल. ये गं.”

“आजी, मी जन्मात नावेत बसले नाही. शिवाय मी ख्रिश्चन.”

“देवीनं कवा इचारलं? नारळ गडगडतोय, तो धर.”

मोनिकाताई नारळ मांडीत घेऊन टेकल्याविना ताठ बसल्या. मोटर सुरू झाली तशी त्यांनी डोळे मिटले. मधेच उघडले ते साळूबाईंच्या पाठीकडं बघायला. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याला त्या नारळ घट्ट धरत होत्या.

साळूबाईंनी आधी नुसती पाठ टेकवली. मग खांदे. मग डोकं.

“आजी, रुततंय का कुठं?”

म्हातारीचं तोंड उघडं पडलं होतं आणि बारीक घोरणं चालू होतं.

पलीकडचा काठ आला. जत्रेतला ढोल ऐकू यायला लागला. गोरक्षनं आईकडं पाहिलं, मोटरीचा आवाज हळू केला आणि काठाला न लागता नाव वळवली.

“अरे, देवी?” मोनिकाताई कुजबुजल्या.

“देवी कुटं जात न्हाई. झोपू द्या. रातीला अशी झोपत न्हाई ती.”