बेडका तपासणाऱ्या सुलभा मॅडम

पेशंटनं आणलेली डबी नुसती उजेडाला धरून सुलभा मॅडम सांगायच्या, "ही थुंकी आहे. मला छातीतला बेडका हवा." डोंबिवलीत आमच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात त्या टीबीची तपासणी करायच्या. तोंडाला मास्क, केसांत मात्र अबोलीचा गजरा. पहिल्याच भेटीत अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं मला त्या हेच बोलल्या आणि मी तापलो. मी चौथी शिकलेला, पण माणसांत कसं वागावं ते मला कळतं. परक्या बाईच्या हातात घाण कशी द्यायची? म्हणून दात घासून, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून मी मुद्दाम स्वच्छ थुंकी आणलेली.

"गावात माझं नाव काय हाय ते विचार आधी," मी म्हणालो.

"मी विचारीन काका, मशीन नाही विचारत. हे घातलं तर ते 'टीबी नाही' म्हणेल. तुम्ही पेढे वाटाल आणि खोकत राहाल."

त्यांनी मला दवाखान्यामागच्या मोकळ्या अंगणात नेलं आणि लांब पाठ करून उभ्या राहिल्या. मला खोकायची लाज वाटते हे ओळखून वॉचमनशी बोंबलाच्या भावावरून मोठमोठ्यानं भांडायला लागल्या. त्या गलक्यात मी पोटापासून खोकलो. डबी बघून मॅडम खूश. "वा! हा खरा माल."

दुपारीच मशीननं सांगितलं. टीबी होताच, वर नेहमीच्या मुख्य गोळीला दाद न देणारा. मागे टीबीच्या गोळ्या मी गुपचूप घेतलेल्या, बरं वाटलं तशा सोडून दिल्या होत्या.

"औषध आता वेगळं. घरात लहान कोण आहे?"

"नातू. माझ्याच कुशीत निजतो."

त्यांचं पेन थांबलं. "आजपासून नाही. आणि घरच्या सगळ्यांना तपासायला आणा."

घरी सांगायला जीभ उचलेना. आमच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत. अशा घरात हा रोग? नातू जवळ आला की मी त्याला ढकलायचो. सून बघत राहायची.

दोन दिवसांनी मॅडम दारात. ओटीवर भावकी बसलेली, पुतण्याच्या हळदीची बोलणी चाललेली. थोरल्या भावानं विचारलं, "कोण रं ही?"

"पाण्याच्या बिलाची बाई," मी म्हणालो. उन्हातून आलेल्या त्या बाईला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"हो, बिलाचंच," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "काका, उद्या सगळ्यांना घेऊन या. बाळालाही. नाहीतर मी रोज येईन."

भावकी पांगल्यावर मी सुनेला सांगितलं. ती रडतच म्हणाली, "म्हणून त्याला लांब करत होता होय, बाबा?" दुसऱ्या दिवशी सगळे गेलो. तपासणीत बाळासकट कुणालाच टीबी निघाला नाही. भावकीला मात्र आम्ही काही कळू दिलं नाही.

औषध लांबलं, पण मी बरा होऊन उठलो. मग कळलं, मॅडमची बदली वागळे इस्टेटकडे झाली. मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, "बाय, जायच्या आधी घरी जेवायला ये. सगळी भावकी बोलावतो. खाडीतल्या निवट्याचं कालवण करतो."

"येईन की," त्या हसल्या. "ओटीवर विचारलं तर कोण म्हणून सांगाल?"

"कालवणात तिखट किती घालू ते सांग आधी," मी म्हणालो. मॅडमना उत्तर मिळालं. मग हळूच म्हणाल्या, "डब्यात घालून आणा, काका. इथं मी कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे."