विहिरीवरचं फुलपात्र

माहेरी माझं तोंड कधी मिटत नसे. हिचं सासरी कसं व्हायचं, अशी आईला काळजी. आणि सासर मिळालं ते पाथर्डीकडचं, जिथे सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, आपला आवाजसुद्धा त्यांच्या कानावर पडू द्यायचा नाही. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. त्या नसल्या तर दाराची कडी वाजवायची. अशी चीड यायची मला! पण करता काय?

दुष्काळाच्या त्या साली नवरा आणि सासूबाई उजाडताच खडी फोडायला जात. घरी मी, पाळण्यातलं पोर आणि सासरे. त्यांची नजर तोवर जवळजवळ गेली होती, पण कबूल करतील तर शपथ. काठी घेत नसत, कुणाचा हात धरत नसत. उरलेल्या एकुलत्या गाईला चाचपायला सारखे गोठ्याकडे निघायचे, आणि त्या वाटेलाच विहीर. बिनकठड्याची, आटून तळाचे दगड उघडे पडलेली. नवऱ्याने भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, तर सासऱ्यांनी लाथेने उडवल्या. "ही हीर मी खांदलीय. मला तिचं भ्या दावता व्हय?"

ते निघाले की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायचे. शेवटी एक दिवस अडगळीचा डबा उपसला. चाळणीचं जुनं कडं घेतलं आणि त्याला सुतळीने पितळी चमचे, मोडक्या पळीचा दांडा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधली. लोखंडी चमचा नुसता खडखडला, तो काढून टाकला. मधोमध गळकं फुलपात्र उलटं टांगलं. जिथून गळायचं त्याच भोकातून सुतळी ओवली. वारा धरायला त्याखाली डब्याचं पातळ झाकण सोडलं. चमचे फुलपात्राला लागले की लांबवर ऐकू जाई. विहिरीच्या काठच्या बाभळीला ते बांधलं आणि सासूबाईंना सांगितलं, पोराला खेळणं केलंय.

"चांगले चमचे झाडाला टांगलेस? डोकं फिरलं का तुझं?" त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आवाज जवळ आला की सासरे बाजूला वळू लागले, आणि माझ्या जिवाला जरा थारा मिळाला.

एका दुपारी भाकरी थापता थापता माझा हात थांबला. बाहेर काहीच वाजत नव्हतं. वारा पडला होता, आणि ओसरीवर सासरे नव्हते. पिठाच्या हातांनीच दारात आले. ते विहिरीच्या रोखाने चालले होते. मध्येच थांबत, मान तिरकी करून ऐकत, काही ऐकू येईना म्हणून पुन्हा पुढे पाऊल टाकत. अगं बाई गं! माझ्याच शहाणपणाने त्यांना फसवलं होतं.

मी धावले, पण गाठणं शक्य नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर सवयीने हातच तोंडावर गेला. त्यांच्या पायाखालची माती सुटली. एक खडा विहिरीत पडून तळाच्या दगडावर आपटला.

"मामंजी, थांबा! पुढं पाऊल टाकू नका! मागं सरा, मागं!"

ते जागीच थिजले. मग एक पाय मागे घेतला, मग दुसरा. मान न वळवता म्हणाले, "कोन हाय?"

एका घरात राहत होतो हो आम्ही! मला रडूच फुटलं. "मी हाय. तुमची सून."

ते मटकन खाली बसले. हाताने पुढची माती चाचपत म्हणाले, "वाजना, म्हनून वाटलं हीर अजून लांब हाय." मग बाभळीच्या दिशेने मान करून, "पोराचं खेळनं न्हवं ते. ठावं हुतं मला."

संध्याकाळी सासूबाईंना मी सगळं सांगितलं. ओरडल्याचंही सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या खडीवर निघायच्या तयारीत होत्या. सासरे उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. वारा चांगला सुटला होता, बाभळीवर चमचे वाजत होते, तरी त्यांचा पाय उचलेना.

"सूनबाई," ते म्हणाले, "निघू का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघून भाकरीचं फडकं बांधत राहिल्या.

"निघा मामंजी," मी म्हटलं. "मी बोलत ऱ्हाते."