अठ्ठेचाळीस किलो

जिममध्ये पहिल्या दिवशी ट्रेनरने विचारलं, ताई, वजन कमी करायचंय ना? बावन्न वर्षांच्या बाईला दुसरं काय हवं असणार, असा त्याचा चेहरा. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस किलो उचलून तीन जिने उतरायचेत. तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि नीट विचारलं.

अठ्ठेचाळीस किलो म्हणजे माझी आई. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत लिफ्ट नाही आणि आईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. पूर्वी कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गॅलरीतून एक हाक पुरायची. चौघे खुर्ची धरायचे, पाचवा पुढे जाऊन जिन्यातल्या चपला बाजूला करायचा. त्या भरवशावर आम्ही मायलेकी निर्धास्त राहिलो, हीच चूक. चाळीच्या जागी टॉवर होणार, होणार म्हणताना निम्मी बिऱ्हाडं विरार-डोंबिवलीला गेली होती. गेल्या वर्षी एका दुपारी आईला धाप लागली, तेव्हा मी मजल्यावरची आठही दारं पाहिली. सातांना कुलूप. आठव्यात आईहूनही म्हाताऱ्या काकू.

शेवटी अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर वर आला. खुर्चीची खालची बाजू त्याने धरली, वरची मी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी बोटं सुटली आणि खुर्ची एक पायरी खाली आदळली. आईने कठडा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. औषधांनी धाप बसली, चार दिवसांत ती घरीही आली. माझी भीती मात्र गेली नाही. भांडी घासताना, बसचा दांडा धरताना ती पायरी आठवायची आणि मी पकड आणखी घट्ट करायची.

म्हणून जिम. ट्रेनर लालबागचा, कधीकाळी दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरात उभा राहणारा. भार कमरेवर घ्यायचा नाही, मांड्यांवर घ्यायचा, हे त्याने मला पंधरा दिवस शिकवलं. सुरुवातीला नुसता रॉडही जेमतेम गुडघ्यापर्यंत यायचा. आजूबाजूची मंडळी आरशात आपापले दंड बघायची. मी आरशाकडे पाठ करायची, कारण माझा घाबरलेला चेहरा मला घरी फुकट बघायला मिळत होता. पण तो सकाळचा एक तास मला हवासा वाटू लागला. इतर वेळी मी भीती नुसती बाळगत होते, तिथे निदान तिच्यावर काहीतरी उपाय करत होते.

आठ महिन्यांत मी चाळीस किलोवर आले. मग एका शनिवारी आईला तपासणीला न्यायचं होतं. खालच्या मजल्यावरचे काका घरी होते, ते वरच्या बाजूला आले. खालची बाजू मी मुद्दाम मागून घेतली. ते वळण आलं, पण खुर्ची हललीसुद्धा नाही. आई हलकी लागली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दवाखान्यातल्या काट्यावर आई एकेचाळीस भरली.

डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. काही न करता सात किलो कसे उतरले, म्हणाले, आणि तपासण्यांची यादी लिहून दिली. त्या यादीतली शेवटची तपासणी कॅन्सरची होती, ते मी दोनदा वाचलं. त्या आठवड्यात मी जेवले काय, झोपले कधी, काही आठवत नाही. मिळवलेली सगळी ताकद कुठे गेली होती कोण जाणे. रिपोर्ट आले. सगळे चांगले.

मी आईच्या पलंगाशी बसून रडले. मग तिने कबूल केलं. मी ऑफिसला जाताना झाकून ठेवलेल्या जेवणातलं निम्मं ती रोज गॅलरीतल्या मांजरांना घालत होती. का, असं मी विचारलं. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं.

"तुका जड होऊ नये म्हणान."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी त्या जिममध्ये घाम गाळत होते आणि आई इथे पलंगावर बसल्या बसल्या माझं काम सोपं करत होती. अशीच कमी होत गेली असती तर एक दिवस मला काहीच उचलावं लागलं नसतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता किती उचलतंस?"

"साठ," मी म्हटलं.

तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिलं. त्या रात्री जेवताना बांगड्याची दुसरी तुकडी तिने स्वतःहून मागून घेतली.

आता ती चव्वेचाळीस आहे. मी अजून पंचेचाळीसवर अडकलेय.