जुन्या गुडघ्यासह पांडवलेण्यांवर

प्रिय मीरा आणि ओम,

मीरा, परवा फोनवर तू म्हणालीस, "फुटबॉल खेळताना गुडघ्यात कट्‌कन आवाज आला, पण आता सूज उतरलीय." कॉलेजात खो-खो खेळताना माझं असंच झालं, तेव्हा घरचे सगळेही हेच म्हणाले होते. म्हणून हे आजच लिहिते आहे.

पुढच्या आठवड्यात माझा उजवा गुडघा बदलायचा आहे. तेव्हा लिगामेंट तुटल्यामुळे सांधा सैल राहिला. बिजागरी ढिली झालेलं दार फरशीला घासतं, तशी कूर्चा (हाडांमधली गादी) वर्षानुवर्षं घासून संपली. ऑपरेशनआधी याच गुडघ्याने एकदा पांडवलेणी चढायची होती. डॉक्टर म्हणाले, "काठी घ्या. दुखणं वाढलं तर मागे फिरा."

आज रविवार, सकाळीच रिक्षाने निघालो. सोबत शैला, माझ्या त्याच खो-खो संघातली. पायथ्याशी पेरू विकणारी बाई काठीकडे बघत म्हणाली, "आजी, वर लय पायऱ्या हायेत. इथंच बसून पेरू खा."

"उतरल्यावर खाते."

"तवर उरले तर!"

चढताना आधी धड पाय, मग दुखरा. अर्ध्या वाटेत कट्ट्यावर टेकले ती टेकलेच. दुखणं वाढलं नव्हतं, धीर संपला होता. खाली अंबडच्या कारखान्यांची छपरं चमकत होती.

"इथूनही छान दिसतं की! चल, परत जाऊ," मी म्हटलं.

शैला गुपचूप माझ्या मागे आली, पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

मी ताडकन उभी! काठी कट्ट्यावरच.

"काठी घे गं, लीले! आणि आता खांब गाठेपर्यंत दिशा बदलायची नाही. फाऊल देईन!"

फिरायला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग काय, चढलेच.

वर तिसऱ्या लेण्याच्या तळाशी दगडी यक्ष सगळा भार खांद्यावर पेलत बसलेत. "यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढायला हवा," शैला म्हणाली. हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

उतरताना आधी दुखरा पाय, एकेक पायरी. पेरूवालीने तिखटमीठ लावून फोडी पुढे केल्या. "ठेवला व्हता तुमच्यासाठी. आल्या बया!" नंतर मिसळ आणि जिलबी. रविवारी नाशिककराला त्याशिवाय घरी जाववत नाही.

घरी आल्यावर गुडघ्यावर बर्फ ठेवून हे लिहिते आहे. मीरा, सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही. डॉक्टरांना दाखव. ओम, तू तिच्याबरोबर जा.

माझं लिगामेंट गेलं, कूर्चा गेली, आता गुडघाही जाईल. पाठीवर थाप पडली की मी उठते, ते अजून आहे.

तुमची आजी